पावसात मिटणारी छत्री

छत्रीकडून माणसाची फार अपेक्षा नसते. तिनं पावसात उघडावं, वाऱ्यात उलटू नये आणि आपण बसमध्ये विसरलो तर निदान जुनी असावी, इतकंच. माझ्या सासरी कौलांवर एक छत्री आहे. ती आठ महिने कडकडीत उन्हात तोंड वर करून छान उघडी असते आणि पहिली सर आली की मिटते. टीव्हीच्या डिशला ‘छत्री’ हे नाव ज्यानं कुणी दिलं, तो एक तर फार भोळा असणार किंवा फार खवचट. सासर कोकणातलं असल्यामुळे मी दुसऱ्या शक्यतेच्या बाजूनं आहे.

सासर कुडाळ तालुक्यात. आम्ही पुण्याचे. एरवी जावई म्हणून मी मे महिन्यात जातो, आंबे खातो, ‘काय उकडतंय’ म्हणतो आणि परत येतो. यंदा आषाढात गेलो. ऑफिसनं काही दिवस कुठूनही काम करायची मुभा दिली होती. ‘कुठूनही’ या शब्दाचा अर्थ मी नको तितका मनावर घेतला. साहेबांना म्हटलं, “तिकडे शांतता असते, काम दुप्पट होईल.” शांतता होती, यात वाद नाही. पंधरा दिवसांत माझा फोनसुद्धा मोजकंच बोलला.

पहिल्याच संध्याकाळी साडेसातला सासूबाई मालिका लावून बसल्या. पडवीत पाऊस, आत उदबत्ती, समोर नायिका. नायिकेच्या हातात वीस वर्षांपूर्वीचं पत्र. तिनं ते उघडलं, थरथरत्या आवाजात म्हणाली, “या घराचा खरा वारस दुसरातिसरा कुणी नसून...” आणि तिच्या नाकाचे चौकोन झाले. मग गालांचे. एक डोळा कपाळावर गेला, दुसरा पत्रावर राहिला. चित्र गोठलं आणि पडद्यावर पाटी आली की सिग्नल उपलब्ध नाही.

पूर्वीच्या टीव्हीत असं नव्हतं. तेव्हा आधी मुंग्या यायच्या, मग आवाज खरखरायचा. माणूस वर चढून अँटेना फिरवायचा, खालून कुणीतरी “आलं, आलं... गेलं” असं ओरडायचं. संकट पायरीपायरीनं यायचं, त्यामुळे मनाची तयारी व्हायची. आताचं चित्र एका मर्यादेपर्यंत अगदी लख्ख असतं आणि त्या मर्यादेखाली एक पाऊल गेलं की साफ नाहीसं होतं. सरकारी खिडकीवरच्या बाबूसारखं. एक वाजेपर्यंत तो हसून बोलत असतो आणि एक वाजून एक मिनिटानं खिडकीत नुसती पाटी.

“वारस कोण?” मी विचारलं.

“गेली तीन वर्सां ह्याच चल्लासा,” तात्या म्हणाले. तात्या म्हणजे सासरे. “दर टायमाक नाव सांगूची येळ इली की पावस येता. माका वाटता, लिवणाऱ्याकच अजून म्हायत नाय.”

मी पुण्याचा माणूस. घरात अडचण आली की आधी तक्रार करायची आणि मग इतरांना ती समजावून सांगायची, हे आमचं वळण. म्हणून प्रथम ग्राहक सेवेला फोन लावला. फोन लागण्यासाठी कुठे जावं लागलं ते पुढे येईलच.

“सर, आपल्याकडे आत्ता पाऊस आहे का?” पलीकडची मुलगी अतिशय गोड.

“आहे.”

“सर, पाऊस थांबल्यावर सिग्नल आपोआप येईल.”

“आमच्याकडे तो सप्टेंबरच्या अखेरीस थांबतो.”

“ठीक आहे सर. त्यानंतर आपोआप येईल. मी आपली अजून काही मदत करू शकते का?”

इतक्या प्रामाणिक उत्तरावर रागावताही येत नाही. कोकण रेल्वेनं निदान पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक छापायची रीत ठेवली आहे. छत्रीवाल्यांनीही ‘जून ते सप्टेंबर मालिका दिवसाआड’ असं छापून टाकलं, तर कुणाची तक्रार राहणार नाही.

त्या रात्री लाईट गेली आणि मला श्रोता मिळाला. पडवीत कंदील, तात्यांच्या हातात सुपारी आणि अडकित्ता, आणि समोर मी, ज्ञानानं फुगलेला.

“तात्या, हे असं का होतं सांगू?”

“सांगा, सांगा. लाईट येवक टायम आसा.”

मी सांगू लागलो. उपग्रह आहे विषुववृत्तावर, आपल्यापासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. तिथून निघालेली लहर एका सेकंदाच्या साधारण आठव्या हिश्शात इथवर येते. वाटेत सगळी पोकळी. ना टोल, ना खड्डे, ना घाट. शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये मात्र पावसाचं राज्य सुरू होतं. त्याच्या वर ढगात बर्फाचे कण असतात, ते फारसे आडवे येत नाहीत. खालचं पाणी मात्र सोडत नाही. म्हणजे छत्तीस हजार किलोमीटर सुखरूप आलेली लहर आपल्या कौलांवर, अगदी अंगणात येऊन बुडते.

हे तात्यांना ताबडतोब पटलं. दुबईहून तीन तासांत मुंबईला उतरलेला आणि पुढे मुंबई-गोवा महामार्गावर अख्खी रात्र काढून गणपतीला पोचलेला चाकरमानी ज्याच्या घरात आहे, त्याला ही गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही.

“पण पाण्याचो तिका त्रास तो काय?” त्यांनी विचारलं.

मी बोटाचं पेर दाखवलं. छत्रीवर येणाऱ्या लहरीची लांबी एवढी, साधारण अडीच सेंटीमीटर. पावसाचा मोठा थेंब पाच-सहा मिलिमीटरचा. तुलना करण्याइतपत थोर. मग थेंब काय करतो, लहरीतली थोडी ऊर्जा स्वतः पितो आणि थोडी चारी दिशांना उधळून टाकतो. असे कोट्यवधी थेंब वाटेत. शिवाय चित्रात दाखवतात तसा थेंब अश्रूसारखा टोकदार नसतो. मोठा थेंब खाली येताना हवेच्या दाबानं खालून चपटा होतो. जवळजवळ बटाटेवडा. म्हणून आडव्या बसवलेल्या लहरींना तो उभ्या लहरींपेक्षा जास्त नडतो.

“बरोबर,” तात्या अडकित्ता चालवत म्हणाले. “पावसात आडवो झालंस तर भिजतलंसच.”

मला उगाच वाटलं होतं की मी अवघड विषय सांगतोय.

“आणि मोबाईल?” त्यांनी विचारलं. “त्येका लागता पावस?”

इथे मी पुढे महागात पडलेलं वाक्य उच्चारलं. छाती पुढे काढून म्हणालो, “मोबाइलला पावसाचं काही म्हणजे काही होत नाही. त्याची लहर वीतभर, हातभर लांब असते. तिला थेंब म्हणजे म्हशीच्या पाठीवर पाऊस.”

“मगे पावस इलो की रेंज जाता ती?”

“ती लाईटमुळे. झाड तारांवर पडतं, लाईट जाते. टॉवरची बॅटरी काही तास खेचते, मग उतरते. जनरेटरसाठी डिझेल आणणारी गाडी दुसऱ्या झाडापाशी अडकते. किंवा टॉवरवर ते ढोलकीच्या आकाराचे डबे असतात ना, एका टॉवरचं बोलणं दुसऱ्या टॉवरकडे पोचवणारे, त्यांची लहर बारीक, त्यांना पाऊस लागतो. पण खुद्द तुमच्या हातातल्या फोनला? छे.”

तात्यांनी मान डोलावली. सुपारीचं खांड तोंडात टाकलं. माणूस असं वाक्य कुठे जपून ठेवत असेल याचा अंदाज त्याच्या चेहऱ्यावरून येत नाही.

आता रेंजविषयी. घर चिऱ्यांचं, भिंती हातभर जाड. आत रेंज शिरत नाही आणि चुकून शिरलीच तर माजघरात वाट चुकते. संपूर्ण वाडीत रेंज येते ती एकाच ठिकाणी. परसातल्या गडग्यावर. गडगा म्हणजे चिरे रचून केलेली कुंपणाची भिंत. त्यावरच्या उजवीकडून तिसऱ्या दगडावर उभं राहायचं, डाव्या हातानं फणसाची फांदी धरायची, उजव्या हातात फोन आणि तोंड सड्यावरच्या टॉवरकडे. मे महिन्यात एवढं पुरतं. पावसाळ्यात फणसाची पानं ओली होतात, आणि ओल्या पानांचा पडदा कोरड्या पानांपेक्षा जाड. त्यामुळे फांदी नुसती धरून भागत नाही, बाजूला वाकवून धरावी लागते. शिवाय छत्री. कापडाची. माणसाला दोनच हात दिल्याबद्दल देवाला दोष द्यावा असं मला आयुष्यात प्रथमच वाटलं. अखेर मेव्हण्याचं जुनं इरलं डोक्यावर घेतलं आणि तशा अवस्थेत मी कंपनीच्या तिमाही आढाव्याला हजर राहिलो.

“तुमचा कॅमेरा सुरू करता का?” साहेब म्हणाले.

“बँडविड्थचा प्रॉब्लेम आहे सर,” मी म्हणालो. इरल्यातून गळणारं पाणी मानेवरून आत शिरत होतं.

गडग्यावर खासगी असं काही उरत नाही. खाली रांग असते. कुणाचं कर्ज मंजूर झालं, कुणाच्या सुनेचं काय म्हणणं आहे, कुणाला शुगर निघाली, सगळं रांगेला ठाऊक. मी माझ्या मधुमेहाच्या गोळ्या बायकोपासून दोन वर्षं लपवल्या होत्या. डॉक्टरांचा फोन गडग्यावर घेतला आणि संध्याकाळी सासूबाईंनी चहा बिनसाखरेचा दिला.

पण गडग्याचा खरा धोका वेगळा आहे आणि तो मराठी भाषेत आहे. तिथे फोन तुटतो तो नेहमी वाक्याच्या शेवटी. आणि मराठीत वाक्याचा सगळा जीव शेवटी असतो. इंग्रजीत नकार दारातच उभा असतो, तुम्ही बेल वाजवताच तोंडावर येतो. आपल्याकडे तो माजघरात बसलेला. कर्ता, कर्म, चौकशी, पाणी, चहा, सगळं झाल्यावर हळूच बाहेर येतो आणि ‘नाही’ म्हणतो. तोवर फोन तुटलेला असतो. त्यामुळे कोकणातला माणूस मुळात कितीही चिकित्सक असो, पावसाळ्यात त्याच्या कानावर सगळे होकारच येतात.

श्रावण लागायच्या आधीच्या रविवारची गोष्ट. मेव्हणा मुंबईला, कुटुंबासह. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. सासूबाई स्वतः तिसऱ्या दगडावर. पदर खोचलेला, फांदी वाकवलेली.

“आई, आम्ही रविवारी येणार...” एवढं म्हणाला आणि गेला.

सासूबाई गडग्यावरून उतरल्या त्या थेट कोंबड्यांच्या खुराड्याकडे. शनिवारी वड्यांचं पीठ दळलं, वाटण झालं. रविवारी पहाटे एका गावठी कोंबड्यानं या जगाचा निरोप घेतला. अकरा वाजता वडे तळून तयार, सागोती रटरटते आहे, सोलकढी थंड व्हायला ठेवलेली. बारा वाजले. एक वाजला. रस्त्यावर कोणीच नाही. दीड वाजता कोणत्यातरी ढगाआडून एक संदेश सुटला आणि गडग्याजवळून जाताना माझ्या खिशात टिंग झालं. मेव्हण्याचा. शुक्रवारचा. ‘फोन कट झाला. येणार नाही म्हणत होतो. मुलांच्या परीक्षा आहेत.’

मी तो वाचून दाखवला. कुणी काही बोललं नाही. मला राहून राहून त्या कोंबड्याचं वाटत होतं. दोन अक्षरांचा एक शब्द वेळेत पोचला असता, तर गडी अजून आरवत असता.

“मिया आयकला ता आयकला,” सासूबाई म्हणाल्या आणि पानं वाढायला घेतली. आठ माणसांची सागोती आम्ही चौघांनी तीन दिवस खाल्ली.

यावर उपाय म्हणून मी, जावई या नात्यानं, घरात फायबर आणायचं ठरवलं. तालुक्याहून एक वायरवाला आला. मी तात्यांना पुन्हा पडवीत बसवलं. ही काचेची तार आहे. आतला गाभा केसाच्या आठव्या हिश्शाइतका. त्यातून वीज नाही, प्रकाश जातो. काचेच्या आत पाऊस पडत नाही, त्यामुळे बाहेर काहीही होवो, आत प्रकाश चालूच.

चार दिवस खरोखर चालला. पाचव्या दिवशी राऊटरवर लाल दिवा लुकलुकू लागला. वायरवाल्याला गडग्यावरून फोन.

“सर, तार कुठंतरी तुटली असेल.”

“पण फायबरला पाऊस लागत नाही ना?”

“फायबरला लागत नाही सर. खांबाला लागतो. खांब आंब्याला टेकलेला, आंबा पडला. आणि तिकडे वानरं झोके घेतात तारेवर.”

“मग जोडून द्या.”

“पावसात जॉइंट मारता येत नाही सर. दोन टोकं समोरासमोर आणून ठिणगीनं वितळवायची असतात. जरा ओल लागली तर जॉइंट खराब. पाऊस थांबला की येतो.”

म्हणजे काच भिजत नाही, पण काच जोडणारा भिजतो. विज्ञानात मी एवढं वाचलं, ही साधी गोष्ट कुठे लिहिलेली नव्हती.

“मगे तारच नको,” तात्या म्हणाले. “उजेडच पाठवूचो हा तर बॅटरी मारून पाठवा सड्यावरसून.”

त्यांना वाटलं ते चेष्टा करताहेत. मी म्हटलं, तात्या, हे करून झालंय. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलनं १८८० साली वॉशिंग्टनमध्ये सूर्याचा कवडसा हलत्या आरशावर पाडून त्यावरून आवाज पाठवला होता, २१३ मीटर. फोटोफोन म्हणायचा त्याला. टेलिफोनपेक्षा त्याला त्याचंच कौतुक जास्त. धाकट्या मुलीचं नाव फोटोफोन ठेवायचं त्याच्या मनात होतं म्हणतात, बायकोनं हाणून पाडलं. पण सूर्यासमोर ढग आला की संभाषण संपलं. आता तेच काम लेसरनं करतात. काँगो नदीच्या एका काठाला ब्राझाविल, दुसऱ्या काठाला किन्शासा. अशी अजस्र नदी की तिच्यात केबल टाकणं कठीण, तर २०२१ मध्ये जवळजवळ पाच किलोमीटर रुंद पात्रावरून नुसत्या किरणानं इंटरनेट नेऊन दाखवलं.

“पावसात?”

पावसाचं त्याला फार वाटत नाही. त्याचा वैरी धुकं. धुक्याचा कण इतका बारीक, की प्रकाशाच्या लहरीशी त्याची बरोबर गाठ पडते. आणि हवेच्या एवढ्याशा तुकड्यात ते असतात किती! छत्रीवर येणाऱ्या लहरी मात्र धुक्यातून खुशाल जातात, त्यांना थोर थेंबच नडतो. पाऊस आणि धुकं या सख्ख्या भावांनी आपापसात वाटणी करून घेतली आहे. रेडिओच्या बारीक लहरी थोरल्याच्या, प्रकाश धाकट्याचा. आणि कोकणातल्या वाटणीसारखंच, आंबोलीच्या घाटात दोघेही एकाच जागेवर हक्क सांगत बसतात.

“म्हणजे आंबोलीत तुमचो लेसर पण गेलो, छत्री पण गेली.”

“दोन्ही.”

“बरा आसा,” तात्या म्हणाले. “थंयसरची माणसां सुखी असतली.”

एव्हाना मला व्यसनच लागलं होतं. लाईट गेली की मी सुरू. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मोबाइल टॉवरांच्या या दुबळेपणाचाच उपयोग करून घेतला, हेही सांगितलं. टॉवरमधल्या त्या ढोलकीवजा डब्यांचा सिग्नल पावसात किती क्षीण होतो त्यावरून पाऊस किती पडतोय ते काढायचं. २०१३ मध्ये त्यांनी सुमारे २,४०० जोडण्यांवरून अख्ख्या देशाचा पाऊस नकाशावर उतरवून दाखवला. सासूबाईंना हे ऐकून मुळीच नवल वाटलं नाही. मालिकेतली माणसं चौकोनी झाली की वाळत घातलेली आमसुलं आत घ्यायची, ही त्यांची पद्धत जुनीच.

पण त्या पद्धतीत एक गफलत होती, आणि ती शोधून काढल्याचा मला फार अभिमान आहे. कधी कधी आमच्या अंगणात पाऊस थांबून ऊन पडलेलं असायचं आणि टीव्ही मात्र बंद. सासूबाई आमसुलं हातात घेऊन कोड्यात. कारण छत्री सरळ वर बघत नाही, तिरकी आग्नेयेकडे बघते. तिच्याकडे येणारी लहर पावसाच्या थरातून येताना दोन-तीन किलोमीटर पलीकडच्या गावावरून येते. समुद्रावरून आलेली सर आमच्या घरावरून पुढे सरकते आणि त्या गावावर जाऊन बसते. म्हणजे आपल्या टीव्हीत पडतो तो पलीकडच्या गावाचा पाऊस.

“त्या गावचे लोक पयल्यापासून तसलेच,” सासूबाई म्हणाल्या. एवढ्या अचूक शास्त्रीय माहितीचं सार्थक झालं.

मुंबईच्या रडारची गोष्ट मी एका दुपारी काढली. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला बसवलेल्या एका रडारला समुद्रापलीकडच्या अरबस्तानचा किनारा दिसायचा. हजार-दीड हजार मैलांवरचा. उन्हाळ्यात समुद्रावर कोरड्या गरम हवेचा थर दमट हवेवर झाकणासारखा बसतो. लहर वर निसटायला गेली की वाकून खाली येते, आणि अशी समुद्राच्या पाठीवरून सरपटत पार पलीकडे जाते. पावसाळ्यात वारा सगळं ढवळून काढतो आणि ती वाट मोडते.

तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मुंबयसून अरबस्तान दिसता. मगे मुंबयसून माज्या झिलाक आमचो गाव कसो दिसणा नाय?”

यावर माझ्याकडे कोणताच थर नव्हता. मी घाईघाईनं मार्कोनीकडे वळलो.

मार्कोनी मला आवडतो, कारण हवामानानं त्याचे केले तेवढे हाल माझेही केले नाहीत. अटलांटिक समुद्र ओलांडून बिनतारी संदेश पाठवायचा म्हणून त्यानं इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोल्डूला दोनदोनशे फुटी वीस खांबांचं रिंगण उभारलं. १९०१ च्या सप्टेंबरात वादळ आलं, रिंगण कोसळलं. अमेरिकेत केप कॉडला तसंच दुसरं उभं केलं. नोव्हेंबरात तेही कोसळलं. पोल्डूला कामचलाऊ तारा पुन्हा ताणून गडी न्यूफाउंडलंडच्या एका टेकडीवर गेला. तार उंच नेण्यासाठी फुगा सोडला, तो वाऱ्यानं नेला. पतंग सोडला, तोही गेला. दुसऱ्या पतंगानं कशीबशी तार वर धरली आणि १२ डिसेंबर १९०१ ला भर वाऱ्यात कानाला यंत्र लावून बसलेल्या मार्कोनीला पलीकडून आलेला आवाज ऐकू आला. टिक, टिक, टिक.

“काय सांगल्यान?”

“काही नाही. मोर्सच्या भाषेत एस हे अक्षर. तीन टिंबं.”

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “येवढा सगळा करून तीन टिंबां?”

“तीन टिंबं.”

“म्हणजे त्येचा पण वाक्य अर्ध्यारच तुटला म्हणा की.”

मी हसलो, पण रात्री झोप लागेना. मराठीत तीन टिंबं म्हणजे वाक्य अपुरं. अटलांटिकपार गेलेला पहिला बिनतारी निरोपच जर असा, तर मेव्हण्याला कशाला दोष द्यायचा? ‘आम्ही रविवारी येणार’ नंतर सासूबाईंना मार्कोनीइतकंच ऐकू आलं होतं.

आमची परतायची तारीख जवळ आली. श्रावण लागला. सकाळी अर्धा तास पाऊस, मग तासभर पिवळंधमक ऊन. बायकोचा पाय निघेना, माझाही निघेना, म्हणून मी आणखी आठ दिवसांच्या रजेचा अर्ज पाठवला. साहेबांची एक खोड आहे. एरवी ते इंग्रजीतच बोलतात. चांगली बातमी इंग्रजीत, झापणं इंग्रजीत. नकार द्यायचा असला की मात्र आपुलकीनं मराठीवर येतात.

दुपारी फोन वाजला. मी गडग्यावर. तिसरा दगड, फणसाची फांदी.

“हां, बोला साहेब.”

“अहो, तुमचा अर्ज पाहिला,” साहेब मराठीतून म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला. “आत्ताच वरिष्ठांशी बोललो. तुमची रजा मंजूर...”

फोन तुटला. तो आपणहून तुटला की माझा अंगठा लाल बटणावर आधी पडला, हा बारीकसारीक तपशील आहे. मी फांदी सोडली. उड्या मारत अंगणात आलो.

“रजा मंजूर!” मी बायकोला ओरडून सांगितलं.

तात्या खळ्यात खाट टाकून बसले होते. “पुढचा काय म्हणाले?”

“पुढचं ऐकू आलं नाही. पाऊस होता ना.”

तात्यांनी वर बघितलं. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. सासूबाई आमसुलं बाहेर घालत होत्या.

“पावस? खंय आसा पावस?”

“इथे नाही हो तात्या. पलीकडच्या गावावर असणार. लहर तिकडून तिरकी येते ना...”

“ता छत्रीचा,” तात्या म्हणाले. “मोबाईलाक पावस लागणा नाय. म्हशीच्या पाठीर पावस. तुमीच सांगितलात.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सड्यावरचा टॉवर उन्हात चकाकत होता, पंखा फिरत होता, म्हणजे लाईटही होती. आणि नेमका त्याच वेळी, गडग्यापासून दहा पावलं लांब, जिथे जन्मात कधी रेंज आली नव्हती तिथे, माझ्या हातातला फोन पुन्हा वाजू लागला.